खारूताईचा विमा

झाडावर चढलेली बाई दिसली की खालून लोक दोनच प्रश्न विचारतात. पहिला, "भीती नाही का वाटत?" आणि दुसरा, "नवरा काय करतो?" खारूताईची उत्तरं वीस वर्षांत पाठ झाली होती. पहिल्याला ती म्हणायची, "वाटते ना, म्हणून तर दोन दोर बांधते." दुसऱ्याला म्हणायची, "तोही कापाकापीच करतो." यात खोटं काही नव्हतं. नवऱ्याचं कोपऱ्यावर केस कापायचं दुकान होतं, तीन खुर्च्यांचं. स्वतः तो उंचीला इतका भ्यायचा की दुकानातला दिवा बदलायचा झाला तर स्टूल बाहेर काढायचा आणि बायकोला फोन लावायचा.

खारूताई हे अर्थातच तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. शाळेत असताना ती एकदा मधल्या सुट्टीत मैदानातल्या निलगिरीच्या शेंड्याला जाऊन बसली. घंटा झाली तरी उतरेना. शेवटी मुख्याध्यापक स्वतः बुंध्याशी आले आणि हात जोडून म्हणाले, "उतर गं बाई खारूताई, माझी नोकरी जाईल." नाव चिकटलं ते चिकटलंच.

तिचे वडील झाडं तोडायचे. त्यांच्याकडून ती दोर फेकायला, गाठी मारायला, फांदीचा कल ओळखायला शिकली. पण तोडण्यात तिचं मन रमेना. वडील थकल्यावर तिनं धंद्याची दिशाच बदलली. वाळलेल्या फांद्या उतरवायच्या, वाऱ्याला जास्त अडणारा डोलारा हलका करायचा, पोखरलेल्या खोडाला आधार द्यायचा, कीड लागली तर वेळेत सांगायचं. झाडाचं आयुष्य वाढवायचं काम. तिच्याकडे एक जुनी गाडी होती. गाडीच्या दारावर झाडाचं चित्र होतं, आणि खाली फोन नंबर, त्यातला एक आकडा उन्हानं उडून गेलेला. आणि दोन माणसं होती. एक लंबू, जो दोर सांभाळायचा. दुसऱ्याला सगळे हुंकार म्हणत, कारण "हं" याच्यापलीकडे तो क्वचितच जायचा. तो खाली आलेल्या फांद्या ओढायचा आणि आखलेल्या दोरीच्या आत कुणाला पाऊल टाकू द्यायचा नाही.

कचेरी म्हणजे घरातलं जेवणाचं टेबल, तेही अर्धंच. त्या अर्ध्या टेबलावर राज्य होतं वन्संचं. वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. तिनं पस्तीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासली होती. निवृत्त झाली तरी डोळ्यांची खोड गेली नव्हती. औषधाच्या बाटलीवरचं लेबलही ती हातात पेन्सिल धरून वाचायची. भावजयीच्या धंद्याची पत्रं, कामाच्या नोंदी, गिऱ्हाइकांचे फोन, सगळं तीच बघायची.

एका सकाळी गावातल्या मोठ्या वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंचा फोन आला. आवारात बारा झाडं होती. त्यातला एक शिरीष शंभरी उलटलेला, आणि त्याची एक जाडजूड फांदी थेट वाचनकक्षाच्या छतावर झुकलेली. त्या छतात काचेची मोठी तावदानं होती, खाली उजेड पडावा म्हणून. बाराही झाडांची निगा, वर्षभर. एवढं मोठं काम खारूताईला कधी मिळालं नव्हतं.

"फक्त एक आहे," ग्रंथपालबाई म्हणाल्या, "आमच्या समितीला तुमच्या धंद्याच्या विम्याचे कागद लागतील. पंधरा दिवसांत."

विमा? गाडीचा होता, कारण तो घेतल्यावाचून सुटका नव्हती. बाकी आनंदच होता. "माझी गाठ हाच माझा विमा," असं खारूताई नेहमी ऐटीत म्हणायची.

"गाठ सुटल्यावर काय करणार?" वन्संनी विचारलं.

"माझी गाठ सुटत नाही."

"मग फांदीला सांग तसं. आणि समितीलाही."

नवऱ्यानं त्याच दिवशी तोडगा काढला. त्याच्या मधल्या खुर्चीवर दर पंधरा दिवसांनी एक विमा एजंट बसायचा. संध्याकाळी तो बॅग, दोन पेनं आणि एक भिंतीवरची दिनदर्शिका घेऊन घरी हजर झाला. बोलण्यात असा गोड की टेबलावर मुंग्या याव्यात. दहा मिनिटांत त्यानं अर्ज भरून टाकला. हप्ता इतका कमी निघाला की खारूताईनं सहीसाठी पेन उचललंसुद्धा.

"थांब," वन्सं म्हणाली. तिनं भिंग काढलं, कागद दिव्याखाली ओढला आणि वाचायला घेतला. एजंटानं घड्याळ पाहिलं. मग छत पाहिलं. मग पुन्हा घड्याळ.

"धंद्याचं स्वरूप, बागकाम," वन्संनी मोठ्यांदा वाचलं. "आणि इथे, पान सात, तळाशी, मुंगीच्या अक्षरात. जमिनीपासून तीन मीटरपेक्षा जास्त उंचीवर केलेलं काम आणि यांत्रिक करवतीचा वापर या विम्यात धरलेला नाही."

खारूताईनं पेन खाली ठेवलं.

"मग उरलं काय?" खारूताईनं विचारलं. "झारीनं पाणी घालणं?"

"अहो ताई, ते लिहायचं असतं," एजंट हसत म्हणाला. "झाडं कापतो असं लिहिलं तर हप्ता दुप्पट होतो. बागकाम लिहिलं की स्वस्तात काम. कोण बघतंय?"

"भरपाई द्यायची वेळ आली की सगळे बघतात," वन्संनी कागद परत त्याच्यापुढे सरकवला. "आणि सात नंबरच्या पानावर 'नुकसान' शब्दाचा उकार दीर्घ छापलाय. तुमच्या छापखान्याला सांगा."

एजंट गेला. दिनदर्शिका मात्र विसरून गेला, ती नवऱ्यानं दुकानात लावली.

दुसऱ्या खेपेला खारूताई आणि वन्सं दोघी मिळून गावाच्या मध्यभागी असलेल्या एका गुळगुळीत फरशीच्या कचेरीत गेल्या. तिथल्या तरुणानं संगणकाकडे बघतच सगळी चौकशी केली. त्याच्याकडे एकच मोठी पॉलिसी होती, 'सर्वसमावेशक'. तिच्यात भूकंप होता, पूर होता, दंगल होती, रोखपालानं केलेला अपहार होता, दुकानाच्या दर्शनी काचेचा आणि पाटीच्या दिव्यांचासुद्धा समावेश होता.

"आमच्या दुकानाला दर्शनी काच नाही," खारूताई म्हणाली. "दुकानच नाही."

"पुढेमागे होईल, मॅडम."

"आणि रोखपाल?"

"मी आहे रोखपाल," वन्सं म्हणाली. "माझ्या अपहाराचा विमा हिनं काढायचा का?"

तरुण पहिल्यांदाच संगणकावरून मान वर करून हसला. पण झाडावरून फांदी पडून शेजाऱ्याचं छप्पर फुटलं तर काय, याचं उत्तर त्याच्या पडद्यावर सापडेना. तो म्हणाला, वरच्या कचेरीला विचारून कळवतो. त्यानं कळवलं नाही.

पंधरातले आठ दिवस संपले. खारूताईचा उत्साह ओसरला. रात्री जेवताना ती म्हणाली, "नको ते वाचनालय. माझ्या बापानं उभ्या जन्मात विमा घेतला नाही, काही अडलं का?"

नवऱ्यानं तिच्या ताटात भाकरी वाढली. वन्संनी मात्र छापखान्यातल्या एका जुन्या ओळखीला फोन लावला. तिथून एका जुन्या विमा सल्लागाराचा नंबर मिळाला. पलीकडे एक म्हातारपणाकडे झुकलेला, संथ आवाज होता. त्यानं ना हप्ता सांगितला, ना पॉलिसीचं नाव. म्हणाला, "काम कधी असतं? आधी काम बघू द्या."

सकाळी सात वाजता एका बंगल्याच्या मागच्या अंगणात निलगिरीचं काम चालू होतं, तिथे हे गृहस्थ आले. डोक्यावर मोठ्या काठाची उन्हाची टोपी, खिशात वही. आल्या आल्या ते आखलेल्या दोरीच्या आत शिरले आणि हुंकारनं त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. टोपीवाले काका रागावले नाहीत. त्यांनी वहीत लिहिलं, 'बघ्यांना आत येऊ देत नाहीत.'

मग ते तीन तास उभे होते. लंबूला विचारून त्यांनी दोर किती वर्षांनी बदलता ते लिहून घेतलं. हेल्मेट उलटं करून आतला पट्टा पाहिला. खारूताई वर फांदीवर उभी राहिली तेव्हा डोळे मिटून घेतले, आणि उघडल्यावर तेही लिहिलं असावं. दुपारी सगळे जेवणाच्या टेबलापाशी बसले. नवराही दुकान बंद करून आला होता.

"गेल्या पाच वर्षांत काय काय पडलं?" काकांनी विचारलं.

"काही नाही," खारूताई ताठ मानेनं म्हणाली.

वन्सं खोकली. लंबू स्वतःच्या डाव्या हाताच्या करंगळीकडे बघू लागला. ती थोडी वाकडी होती.

काका वाट पाहत राहिले. त्यांना घाई नव्हती. आणि मग खारूताईनं सांगितलं, कारण खोटं तिला फार वेळ धरवत नसे. तीन वर्षांपूर्वी एक फांदी दोरावर उतरताना हेलकावली आणि शेजारच्या गच्चीवरचं पाणी तापवायचं सौर यंत्र चक्काचूर झालं. ती माणसं भली होती. पैशांऐवजी त्यांच्या झाडांचं काम तिनं तीन वर्षं फुकट केलं, अजून एक खेप बाकी होती. आणि त्याच्याआधी लंबूचं बोट कप्पीत सापडलं. त्याच्या दवाखान्याचं तिनं भरलं, पण तो दोन महिने घरी बसला तेव्हा त्याच्या घरी चूल कशी पेटली, हे विचारायचं तिला धाडस झालं नव्हतं.

"भाऊ होता माझा," लंबू हळूच म्हणाला. "चाललं."

"हे दोन्ही अर्जात लिहायचं," काका म्हणाले. "हप्ता थोडा चढेल. पण लपवलंत तर तुमच्या हातात पॉलिसी नाही, नुसती रद्दी आहे."

मग त्यांनी वहीचं कोरं पान काढलं आणि सगळ्यांना समजेल असं सांगितलं. पहिला विमा दुसऱ्यांच्या नुकसानीचा. फांदी कुणाच्या घरावर, गाडीवर किंवा अंगावर पडली तर. हा सगळ्यात महत्त्वाचा, आणि यात 'उंचीवरचं काम' आणि 'यांत्रिक करवत' हे शब्द ठळक दिसलेच पाहिजेत. दुसरा माणसांचा, म्हणजे लंबू आणि हुंकारचा. दवाखाना आणि घरी बसलेल्या दिवसांची मजुरी, दोन्ही. तिसरा अवजारांचा. करवती आणि दोर रात्री गाडीत असतात, तेव्हा ते गाडीतून चोरीला गेले तरी धरले जातात का, ते बघून घ्यायचं. भूकंप आणि दर्शनी काच सोडून द्या.

"झालं तर मग," खारूताई म्हणाली.

"नाही झालं. तुम्ही पडलात तर?"

"माणसांच्या विम्यात आलं की ते."

"नाही आलं. तो कामगारांचा. तुम्ही मालकीण. कागदाच्या दृष्टीनं मालकीण कामगार नसते."

खारूताई हसली. "म्हणजे सगळ्यात वर मी, आणि कागदावर मीच नाही!" तिला ते खरंच गमतीचं वाटलं. "असू दे. माझा वेगळा विमा काढायला नको. तेवढ्या पैशांत नवी करवत येईल."

तेव्हा नवरा बोलला. वीस वर्षांत तिच्या धंद्याबद्दल त्यानं एका शब्दानं मत दिलं नव्हतं.

"आधी हिचा काढा," तो काकांना म्हणाला. "मग बाकीच्यांचे."

"अहो, करवत..."

"करवत गेली चुलीत. रोज सकाळी तू गाडी काढतेस आणि मी दुकानात रेडिओ मोठा करतो, कशासाठी? फोन वाजला तरी दोन क्षण उशिरा कळावा म्हणून." मग सावरून घेत तो म्हणाला, "आणि समज पाय मोडून तू सहा महिने घरी बसलीस. घरात नाही, तू माझ्या डोक्यावर बसशील. तेवढ्या छळाची काहीतरी भरपाई मला मिळायला नको?"

हुंकार खो खो हसला. वन्सं भिंग पुसू लागली, बराच वेळ पुसत राहिली. खारूताई टेबलावरच्या कागदाकडे बघत होती. रेडिओचं तिला माहीत नव्हतं.

"काढा," ती म्हणाली. "पण करवतही घेणार. पुढच्या वर्षी."

वन्संनी पॉलिसीचा मसुदा दोन दिवस वाचला. काकांना तीन वेळा फोन केला, दोन अटी बदलून घेतल्या आणि एका स्वल्पविरामावरून वाद घातला. काकांनी स्वल्पविराम मान्य केला. चौदाव्या दिवशी कागद समितीकडे पोचले. शिरीषाखाली दोरी आखली गेली.

सुरुवात करण्याआधी खारूताईनं ती छतावरची फांदी टोकापर्यंत लाकडी हातोडीनं ठोकून पाहिली. आवाज भरीव येत होता. तरी तिनं ग्रंथपालबाईंना सांगितलं, "मी छतावर असेन तोवर वाचनकक्ष रिकामा हवा. एकही माणूस नको."

"परीक्षेचे दिवस आहेत हो, मुलं ओरडतील."

"ओरडू द्या. त्यांना बाहेर बसवा."

फांदी तुकड्यातुकड्यानं उतरत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी, मधल्या जाड भागाला लंबूनं दोर घट्ट केला आणि खारूताईनं करवत लावली, तोच कट्कन आवाज झाला. फांदी जिथे खोडाला मिळत होती, तिथे वरच्या बाजूनं, पाखरांच्या घरट्याखाली, ती आतून पार भुसा झालेली होती. तुकडा ठरल्यापेक्षा आधीच सुटला. दोरानं तो पकडला, गाठ टिकली, पण फांदी घड्याळाच्या लंबकासारखी फिरली आणि दोन तावदानांतून आरपार गेली.

काचा खाली पडत राहिल्या. तो आवाज थांबायला इतका वेळ लागला की खारूताईला वाटलं, सगळं वाचनालयच खाली येतंय. ती सावकाश, नियमाप्रमाणे, दोन्ही दोर लावून उतरली. आत गेली तर लांब टेबलांवर, खुर्च्यांवर, शब्दकोशांच्या मांडणीवर काचांचा खच, आणि मधोमध शिरीषाची पानं. माणूस एकही नाही. ग्रंथपालबाई दारात पांढऱ्याफटक उभ्या होत्या.

"चूक माझी," खारूताई म्हणाली. "वरून पोखरलेली असेल हे मला दिसायला हवं होतं. काचा भरून देऊ. आमच्याकडे कागद आहेत."

पाऊण तासात वन्सं फाइल घेऊन आली. तिच्यामागून टोपीवाले काका, वही आणि कॅमेरा घेऊन. चौथ्या दिवशी विमा कंपनीचा पाहणी करणारा माणूस आला. करड्या आवाजात त्यानं प्रश्नांची सरबत्ती लावली. किती उंचीवर होता? चाळीस फूट. हातकरवत की यंत्र? यंत्र. याआधी असं कधी झालं होतं? झालं होतं, अर्जात आहे. प्रत्येक उत्तराला वन्सं पान उघडून बोट ठेवायची. पाचव्या पानानंतर तो माणूस म्हणाला, "मावशी, तुम्ही आमच्याकडे नोकरी करता का?"

भरपाई सहा आठवड्यांत आली. नुकसानीचा सुरुवातीचा ठरावीक वाटा अटीप्रमाणे खारूताईला सोसावा लागला. नवी करवत आणखी काही महिने पुढे गेली. समितीतल्या एका सभासदानं हे काम दुसऱ्याला द्यावं असं सुचवलं. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "त्या खोलीत दुपारी साठ मुलं असतात. तिनं हट्ट धरून ती बाहेर काढली. मी दुसरं कुणी शोधणार नाही." विषय तिथेच मिटला. उरलेल्या अकरा झाडांची निगा ठरल्याप्रमाणे झाली. शिरीष आता उजव्या अंगाला जरा बोडका दिसतो, पण यंदा फुलला मात्र भरभरून.

ही हकिकत गावात पसरायला वेळ लागला नाही. मधल्या खुर्चीवर बसणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला नवरा ती सांगायचा, आणि दर वेळी फांदी आणखी हातभर जाड व्हायची. हळूहळू लोक आपापल्या पॉलिस्या घेऊन वन्संकडे यायला लागले. आधी कौलं शाकारणारा आला, मग क्रेनवाला, मग मंडप उभारणारे दोघे भाऊ. वन्संनी कुणाकडून काही घेतलं नाही. अट एकच, कागद आधी घरी स्वतः एकदा वाचून यायचं. मंडपवाल्यांच्या पॉलिसीत तिला वाऱ्याचा अपवाद सापडला. मंडप वाऱ्यानं नाही पडणार तर कशानं पडणार, असं तिनं त्यांच्या एजंटाला फोनवर विचारलं, आणि पुढच्या महिन्यात ते वाक्य बदलून आलं.

परवा एक मधमाश्या पाळणारे गृहस्थ आले होते. त्यांना विचारायचं होतं, माश्या कामगारांत धरतात की अवजारांत. जेवणाचं टेबल आता पुरतं कागदांखाली गेलंय, त्यामुळे नवरा ताट हातात घेऊन उभ्यानं जेवत होता. खारूताई दारात बूट चढवत होती, बाहेर लंबू गाडीचा भोंगा वाजवत होता.

"मला वाटतं गुरांत," ती म्हणाली आणि निघाली.

"काहीतरीच," वन्सं भिंग शोधत म्हणाली. "वाचल्याशिवाय बोलू नये. बसा तुम्ही. पान पहिलं."